अस्वलाच्या डाव्या पायासाठी चिंचवड आणि चाकण

पिंपरी-चिंचवडला फिरायला कोण जातं, असं आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तिघींनी मला विचारलं. रास्त प्रश्न आहे. या ब्लॉगवर मी किल्ले लिहिले, तळी लिहिली, एकदा नुसत्या एसटी कँटीनच्या चहावर दोन पानं खरडली, पण कारखान्यांच्या गावाची सहल लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. त्यातून मी तिथलीच. जन्म चिंचवडच्या कामगार वसाहतीतला, लग्न होऊन सोलापूरला आले त्याला चोवीस वर्षं झाली. माहेरच्या गावाचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही. मी लिहितेय, कारण या वेळी तिथे माझं घर नव्हतं आणि मी लॉजवर उतरले होते.

झालं असं, की रविवारी दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "ताई, मी सायली, चिंचवडहून बोलतेय. कदमकाका आमच्या स्टुडिओत होते ना, तिथून."

कदमकाका म्हणजे माझे बाबा. ते गेले त्याला वर्ष होत आलं. तरुणपणी धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यातून ते पिंपरीला आले आणि एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले. मी नऊ वर्षांची असताना त्यांचा डावा पाय प्रेसमध्ये सापडला. पाय वाचला, पण आखूड झाला. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, तिथूनच ते रिटायर झाले. आई गेल्यावर सोलापूरला चला, चला म्हणून सांगून मी हात टेकले, पण माणूस घरी बसणारा नव्हता. वसाहतीजवळच्या एका कार्टूनवाल्या ऑफिसात दिवसपाळीचे वॉचमन म्हणून लागले आणि सात वर्षं राहिले. "पोरं चांगली हायत, चहा दोनदा देत्यात," एवढंच फोनवर सांगायचे.

सायलीने जे सांगितलं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते कार्टूनवालं ऑफिस म्हणजे कॉम्प्युटरवर अख्खा पिक्चर बनवणारा स्टुडिओ. सहा वर्षांपासून तिथे एकच पिक्चर चालू होता. त्यात जंगलाच्या फाटकावर पहारा देणारं एक म्हातारं अस्वल आहे आणि ते अस्वल बाबांसारखं चालतं.

"चाल काकांचीच आहे, ताई. व्हिडिओ काढून त्यावरून केलीय. शुक्रवारी पिक्चर आमच्या हातातून जातो. त्याआधी तुम्ही बघावा असं वाटतं. काकांना तुम्हाला थेट थिएटरात न्यायचं होतं, म्हणून त्यांनी आम्हाला गप्प बसायला लावलं होतं."

फोन ठेवून मी ओट्यापाशी उभीच राहिले. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले. मुख्याध्यापकांना चार दिवसांची रजा कळवली.

सोमवार

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोलापूरहून सकाळची इंटरसिटी घ्या, बसायची सीट दीडशेच्या आसपास मिळते, अकराच्या आत पुण्यात. पुढे लोणावळ्याच्या लोकलवर अवलंबून राहू नका, दुपारच्या वेळी त्या जवळजवळ नसतातच. स्टेशनाला लागूनच मेट्रो आहे. कोर्टापाशी एकदा गाडी बदलायची आणि पिंपरीला उतरायचं. माझ्या लहानपणी याच अंतरासाठी बसमध्ये तासभर उभं राहावं लागायचं. आता खिडकीतून खाली बघते तर बोपोडी, मुळा येऊन गेलीसुद्धा, मग दापोडी, आणि कारखान्यांच्या लांबच लांब भिंती. काही भिंतींच्या आत आता कारखाना नाही, चोवीस-चोवीस मजल्यांचे टॉवर आहेत. बाबांच्या कंपनीच्या जागी काय आहे ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

चिंचवड स्टेशनजवळ लॉज मिळालं, नऊशे रुपये, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. संध्याकाळी पाय आपोआप वसाहतीकडे वळले. आमच्या बिल्डिंगीला आता पिवळा रंग दिलाय. खालच्या बाकावर जनरल शिफ्टवरून सुटलेले चौघे बसले होते. त्यातला एक लातूरकडच्या हेलात दुसऱ्याला सांगत होता, "ओव्हरटाइम नको म्हणलं तर सायबाचं तोंड वाकडं, हो म्हणलं तर बायकोचं. करावं काय राव?" बाबांच्या वेळीही याच बाकावर हीच चर्चा असायची.

आता जे लिहिते ते लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. पाय अधू झाल्यावर बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. डावीकडे. डाव्या पायावर भार आला की त्यांचा डावा खांदा खाली जायचा, आणि मग उजवा पाय घाईघाईने पुढे पडायचा. त्या खाली जाणाऱ्या खांद्याचा भार माझ्या खांद्यावर यायचा. त्या जागी चालायची मला एवढी सवय होती की शाळेत मैत्रिणींबरोबरसुद्धा मी डावीकडेच चालायचे. आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत बाबांची चाल करून दाखवली. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून बाजारात जाताना मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालायला लागले. लग्न होईपर्यंत. त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. याची मला लाज वाटते, तेव्हा त्यांची वाटायची त्याहून कितीतरी जास्त.

मंगळवार

सकाळचा नाश्ता पिंपरी कॅम्पात करा, तिथे सिंधी दुकानांत दाल-पकवान मिळतं, ऐंशी रुपयांत पोटभर. कुरकुरीत मोठी पुरी, वर डाळ, कांदा आणि चिंचेची चटणी. बाबा पगाराच्या दुसऱ्या दिवशी आणायचे. तिथून चिंचवडच्या एमआयडीसीत रिक्षा, शंभर रुपये. मीटरचं नाव काढू नका.

स्टुडिओ म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर काहीतरी रंगीबेरंगी होतं. प्रत्यक्षात खाली स्प्रिंगा बनवणारं वर्कशॉप आणि वर लोखंडी जिन्याने गेलं की दोन हॉल. दारावर नवा वॉचमन होता. त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर एक छोटा लाल स्टिकर चिकटवला. पिक्चर बाहेर येईपर्यंत आतलं चित्र बाहेर जाऊ द्यायचं नाही असा करार असतो. म्हणूनच पिक्चरचं नाव मीही इथे लिहिणार नाही. हा लेख त्यांना आधी दाखवून, परवानगी घेऊनच टाकलाय.

सायली तिशीची, अंगाने बारीक, डोळ्यांखाली काळं. अस्वलाची सगळी चाल तिच्याकडे. स्टुडिओ ज्यांचा, ते नितीनसर, पन्नाशीचे, आधी गाड्यांच्या कंपनीत ड्रॉइंगं काढायचे. त्यांनी चहा मागवला आणि मी विचारल्यावर धंद्याचं सगळं सरळ सांगितलं. पिक्चर बनवून कुणाचं पोट भरत नाही. पोट भरतं ते कारखान्यांच्या कामावर. गिअरबॉक्स आतून कसा फिरतो, ब्रेक कसा लागतो, नव्या कामगाराने कुठे हात घालायचा नाही, असल्या शिकवणीच्या फिल्मा ते चाकणच्या कंपन्यांना करून देतात. त्यातून उरेल तेवढा वेळ आणि माणसं पिक्चरला. एके काळी साठ जण होते, आता एकोणीस.

"अस्वलाला आम्ही पोसतो आणि आम्हाला गिअरबॉक्स पोसतो," नितीनसर म्हणाले. हसले नाहीत.

आता मुंबईच्या एका कंपनीने पिक्चर विकत घेतलाय. शुक्रवारी तो त्यांच्याकडे द्यायचा. तिथे त्यांची माणसं एकेक चित्र थांबवून बघतात आणि चुकांची यादी पाठवतात. यादी लांबली की थिएटरची तारीख हुकते. आणि या छोट्या पिक्चराला दुसरी तारीख कोण देणार?

मग दिवे मालवले. दहा खुर्च्यांची खोली, समोर मोठा पडदा. हॉलमधली सगळी पोरं मागे येऊन उभी राहिली. माझं तोंड बघायला आली होती, हे मला कळत होतं.

जंगलात धुकं होतं. फाटकापाशी कंदील घेऊन ते म्हातारं अस्वल उभं होतं. मग ते चालायला लागलं. तो खांदा खाली जाणं, तो चांगल्या पायाचा घाईचा टप्पा, मध्येच थांबून मांडीवर हात दाबणं. अंगावर केस होते, नाक अस्वलाचं होतं, पण जिन्यावरून येणारे बाबा मी हजार माणसांत ओळखले असते. मी तोंडावर पदर धरला. मागे कुणीतरी नाक ओढलं.

तीन-चार प्रसंग दाखवले. दुसऱ्या प्रसंगापासून मला काहीतरी टोचत होतं. काय ते कळेना. मग अस्वल सरळ आमच्याकडे चालत आलं आणि मला दिसलं. मी पंचवीस वर्षं गणित शिकवते. चूक दिसली की माझा हात आधी चालतो, डोकं नंतर. तोंडात तीळ भिजत नाही असं सासूबाई म्हणायच्या, ते उगाच नाही.

"पाय चुकलाय," मी म्हणाले. "बाबांचा डावा पाय अधू होता. हा उजव्याने लंगडतोय."

दिवे लागले. सायली उठली, तिच्या कॉम्प्युटरवर गेली आणि जुना व्हिडिओ शोधून आणला. व्हिडिओत बाबा स्टुडिओच्या दारापासून जिन्यापर्यंत चालत होते, खाकी शर्टात, कॅमेऱ्याकडे न बघता. उजवीकडून डावीकडे. पाय डावाच होता.

चूक कशी झाली ते तिने मला नंतर समजावलं. पिक्चरमध्ये अस्वल पहिल्यांदा येतं ते डावीकडून उजवीकडे. बाबा चालले उलट दिशेने. अशा वेळी माणसाला पुन्हा चालायला लावत नाहीत, व्हिडिओच आरशासारखा पलटतात. रोजचं काम आहे, त्यात विचार करायचं काही नसतं, कारण धडधाकट माणसाची चाल दोन्हीकडून सारखीच. पलटलेला व्हिडिओ बघून तिने अस्वलाची चाल बसवली, ती चाल मग सगळ्या पिक्चरभर वापरली. बाबा रोज दारात बसलेले असायचे. ते लंगडतात हे सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या पायाने, हे एकाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

नितीनसर शांतपणे म्हणाले, "ताई, अस्वलाचे तीनशेच्या वर शॉट आहेत. सगळे पूर्ण झालेत. आता हात लावता येणार नाही."

"मी बदला असं कुठे म्हणाले?" मी म्हणाले. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मूग गिळून बसले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? पोरं एकेक करून जागेवर गेली. सहा वर्षांचं काम बघायला त्यांनी मला बोलावलं आणि मी लाल पेनाने रेघ मारून ठेवली.

जिन्यात सायली भेटली. रडून आली होती. "काकांनी एकच अट घातली होती," ती म्हणाली. "घ्यायची तर जशी हाय तशी घ्या, सरळ करू नका. मी हो म्हटलं होतं, ताई. सरळ नाही केली. पण तशीही नाही केली."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ज्या बाईने हे करून ठेवलं तिने कोणत्या तोंडाने जवळ घ्यायचं? मी नुसतीच तिच्या शेजारी पायरीवर बसले. खालून स्प्रिंगांच्या मशीनचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती वर गेली आणि मी लॉजवर आले. त्या दिवशी आणखी काही पाहिलं नाही.

बुधवार

सकाळी आठला नितीनसरांचा फोन. "या. एक शॉट बदलता येईल. एकच."

हिशेब असा होता. चाल पलटायला सायलीला काही तास पुरतील, त्यासाठी ती सकाळी सहालाच येऊन बसली होती. पण बदललेलं चित्र कॉम्प्युटरांकडून पुन्हा तयार करून घ्यावं लागतं, आणि ती मशिनं चाकणला एका शेडमध्ये आहेत, कारण तिथे भाडं परवडतं. गुरुवारी या सगळ्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, म्हणून कारखान्यांनाही गुरुवारचीच सुट्टी. तेव्हा जे काय ते बुधवारी संध्याकाळपर्यंत. एवढ्या वेळात एकच छोटा शॉट निघतो.

"आणि हे तुम्ही का करताय?" मी विचारलं.

"नाहीतर सायली दोन दिवस माझ्या काही उपयोगाची नाही, आणि शुक्रवार परवावर आलाय," ते म्हणाले. मग पडदा माझ्याकडे वळवून, "शॉट कुठला, ते तुम्ही सांगा."

त्यांनी सहा-सात निवडून ठेवले होते. गर्दीतले, अंधारातले, पाय अर्धेच दिसणारे. मी सगळे पाहिले आणि शेवटचा कुठला आहे ते विचारलं. पिक्चरच्या शेवटी अस्वल फाटक उघडं ठेवून जंगलात निघून जातं. आपण त्याच्या मागे, ते पाठमोरं, पूर्ण दिसतं. अकरा सेकंद.

"हा," मी म्हणाले.

नितीनसरांनी कपाळाला हात लावला. "ताई, शेवटचाच शॉट सगळे डोळे फाडून बघतात. पिक्चरभर उजवा पाय आणि जाताना डावा. मुंबईवाले पहिल्या फटक्यात पकडतील. परत पाठवला तर तारीख गेली. मधला कुठलाही घ्या, कुणाला कळायचं नाही."

"कुणाला कळायचं नसेल तर बदलायचा कशाला?"

आणि मग मी त्यांना खरं कारण सांगितलं. मी बाबांच्या शेजारी चालले होते, नंतर पुढे चालले. त्यांच्या मागून कधी चालले नव्हते. मागून माझे बाबा कसे दिसायचे, ते मला माहीतच नाही. नितीनसर उठले. मग सायलीला हाक मारून म्हणाले, "शेवटचा घे."

दुपारी बाराला आम्ही दोघी तिच्या स्कूटरवर निघालो, डिस्क माझ्या मांडीवर, ओढणीत गुंडाळून. फाइली एवढ्या जड असतात की नेटवरून पाठवण्यापेक्षा घेऊन जाणं लवकर होतं. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, मग चाकण. गुगल पाऊण तास सांगतं, तुम्ही दीड धरा. चाकणच्या चौकात कंटेनर आणि गाड्या वाहणारे लांबलचक ट्रॉले असे अडकतात की पोलीसही बाजूला उभा राहून बघतो. वाटेत एका ढाब्यावर मासवडीची थाळी खाल्ली, एकशे ऐंशी रुपये, बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा. घास उतरत नव्हता तरी सांगते, थाळी चुकवू नका.

शेड गावाच्या कडेला, तीन बाजूंनी कारखाने. मालक बबनराव, साठीचे, स्वतः पंचवीस वर्षं कंपनीत शिफ्ट केलेले. त्यांनी कुलूप काढलं. आत गारेगार, कपाटांसारख्या रॅकवर मशिनं आणि पंख्यांचा एकसारखा घोंगावणारा आवाज.

"हितं आदी कांदा व्हायचा," बबनराव म्हणाले. "आता अस्वलं व्हत्यात. तुमी कदमांची ल्येक व्हय?"

मी हो म्हटल्यावर त्यांनी घरातून खुर्ची आणून दिली. मला माहीत नव्हतं ते त्यांनी सांगितलं. डिस्क घेऊन चाकणला यायचं काम कित्येकदा बाबाच करायचे, बसने. रस्त्यापासून शेडपर्यंत बांधावरून यावं लागतं. "मी लांबूनच वळखायचो. जाऊन हात द्यायचो. डाव्या अंगाला. त्या पायाला वर चढताना जड जायचं त्येंना."

"डाव्याच?" सायलीने विचारलं.

"व्हय की. उजवा धड हुता त्येंचा."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. माझी जागा रिकामी राहिली नव्हती, कुणीतरी तिथे हात देत होतं. तिथे मी असायला हवं होतं.

चित्रं एकेक करून तयार होतात, अकरा सेकंदांची अडीचशेच्या वर. शेडबाहेर सावलीत बसून आम्ही वाट बघत होतो. समोरच्या कंपनीची दुसरी पाळी आत गेली, पहिली बाहेर आली, निळ्या शर्टांची रांगच्या रांग. मी सायलीला म्हणाले, "काल मी तुझं मन दुखावलं. मला गप्प बसता येत नाही."

ती म्हणाली, "मी आज सकाळपासून एकच आठवतेय. सुरुवातीला ती चाल काकांना दाखवली होती मी. पलटलेलीच. ते बघत बसले आणि म्हणाले, व्हय, मीच हाय. ड्युटीवर येताना काचेच्या दारात असाच दिसतो मी."

मला ते उमजायला थोडा वेळ लागला. बाबांनी स्वतःची चाल पाहिली ती फक्त काचेत. काचेतल्या माणसाचा उजवा पाय लंगडायचा. त्यांच्या लेखी ती चाल बरोबरच होती. चुकली होती ती आमच्यासाठी, त्यांच्या बाजूने चालणाऱ्यांसाठी. सायलीने त्यांना दिलेला शब्द मोडलेलाच नव्हता. मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली, पण तिचा पटकन विश्वास बसला नाही. मग बबनरावांच्या घरून चहा आला.

साडेपाचला शॉट झाला. शेडमधल्या एका लहानशा पडद्यावर तिने तो लावला. फाटक उघडं. अस्वल पाठमोरं, डावा खांदा खाली, उजवा पाय घाईने पुढे, डावा हात मांडीवर. दूर, दूर, झाडांत. अकरा सेकंद म्हणजे पंधरा पावलं, मी मोजली. बाबा मागून असे दिसायचे. एवढे थकलेले दिसायचे. मी रडले, सांगायला लाज कसली. सायलीने शॉट पुन्हा लावला, मग पुन्हा. बबनराव दारात उभे होते, ते म्हणाले, "त्येच हायत." आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

परत चिंचवडला आल्यावर नितीनसरांनी पिक्चरबरोबर जायचा कागद आमच्यासमोर भरला. त्यात शॉटचा नंबर आणि समोर शेरा असे रकाने असतात. शेवटच्या शॉटसमोर त्यांनी लिहिलं: 'पाय बदलला आहे. हेतुपुरस्सर.'

गुरुवार आणि नंतर

गुरुवारी सकाळी एमआयडीसीतून चक्कर मारा, असं मी कुणालाही सुचवेन. वीज नाही, मशिनं बंद, रस्ते मोकळे, आणि एवढ्या मोठ्या कामाच्या गावात चिमण्यांचा आवाज ऐकू येतो. संध्याकाळच्या गाडीने सोलापूर. चार दिवसांचा खर्च राहण्या-खाण्यासह साडेपाच हजारांत बसला.

घरी येऊन आता महिना झाला. मुंबईहून चुकांची यादी आली, त्यात तो शॉट होताच. नितीनसरांनी उत्तरात फक्त तोच एक शब्द पुन्हा लिहिला. चार दिवस माझ्या जिवाला घोर होता. आपल्या हट्टापायी एकोणीस जणांची तारीख गेली तर काय, याचा विचार करून मला जेवण जाईना. मग दुसरी यादी आली, त्यात तो नव्हता. सायलीचा मेसेज आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तारीख ठरलीय, पण ती सांगायचा अधिकार त्यांचा.

काय राहिलं मनात, असं विचाराल तर मी बाबांची क्षमा मागायला गेले नव्हते, आणि ती मिळाली असंही म्हणणार नाही. ते हयात असताना बोलायचं होतं ते बोलायचं राहिलं ते राहिलंच. मी गेले आणि माझ्या तोंडाने एका पोरीला रडवून आले. तरी ती मला दर रविवारी फोन करते.

पिक्चर आला की बघा, पोराबाळांना घेऊन बघा. शेवटी अस्वलाचा लंगडा पाय बदललेला दिसेल, आणि तुमच्यातल्या चाणाक्ष लोकांना तो दिसणारच. कृपा करून खाली कॉमेंटमध्ये चूक सापडली म्हणून लिहू नका. पिक्चरभर बाबा स्वतःला दिसायचे तसे चालतात. त्या अकरा सेकंदांत मी त्यांच्या मागून चालतेय.